प्रश्न तुमचे, गज माझा : ब्लूग्रासची पत्रं

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात अमेरिकेतल्या डोंगराळ भागातलं फिडल, म्हणजे तिकडचं व्हायोलिनच, आणि त्यावर उभं राहिलेलं ब्लूग्रास संगीत यांचा मी ओझरता उल्लेख केला होता. तरुण मंडळी त्यात जॅझ, रॉक, रॅप मिसळताहेत, एवढंच लिहिलं होतं. त्यावर संपादकांनी पत्रांचा गठ्ठाच पाचपाखाडीला माझ्या दारात आणून टाकला. शास्त्रीय संगीतावर लिहिते तेव्हा इतकी पत्रं येत नाहीत, हे जाता जाता नोंदवून ठेवते. नेहमीप्रमाणे नावं छापत नाही, गाव छापते.

ताई, वयाची पंचाहत्तरी ओलांडली. आयुष्यभर भीमसेन आणि वसंतराव ऐकत आलो. नातू परवा कानाला हेडफोन लावून गेला आणि म्हणाला, आजोबा, हे अमेरिकेतलं डोंगरातलं पारंपरिक संगीत. ऐकतो तर व्हायोलिनच्या मागे रॅप चाललेलं! तिकडच्या जुन्या माणसांना हे कसं चालतं? अशाने परंपरेचं काही शिल्लक राहतं का?
*– निवृत्त बँक कर्मचारी, नौपाडा*

काका, आधी नातवाला शाबासकी द्या. आजोबांच्या कानाला हेडफोन लावायची हिंमत आजकाल कोण करतं!

तुम्ही ब्लूग्रासला पारंपरिक म्हणताय, पण हे संगीत तुमच्याहून जेमतेम काही वर्षांनी मोठं आहे. केंटकी राज्यातल्या रोझीन गावचा बिल मन्रो, जन्म १९११चा. त्याचे मामा पेंडल्टन व्हँडिव्हर गावच्या नाचांना फिडल वाजवायचे आणि हा पोरगा त्यांना साथ करायचा. आईवडील गेल्यावर तो काही काळ मामांकडेच राहिला. मामांकडची चाल स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेल्या लोकांची. त्याच भागात अर्नल्ड शुल्झ नावाचा कृष्णवर्णीय गिटारवादक होता, फिडलही वाजवायचा. मन्रो त्याच्याबरोबर रात्र रात्र नाचांना वाजवत असे. त्याच्याकडून ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांचं दुःखाचं गाणं, आलं. १९३९मध्ये मन्रो नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाला. १९४५च्या शेवटी त्याच्या बँडमध्ये अर्ल स्क्रग्ज आला. तीन बोटांनी बँजो असा काही सुसाट वाजवायचा की लोक उठून उभे राहायचे. ज्याला आज ब्लूग्रास म्हणतात तो नाद तेव्हा जमला. आणि बँजो तरी कुणाचा? गुलाम म्हणून नेलेल्या पश्चिम आफ्रिकी माणसांनी आठवणीतून घडवलेला. गोऱ्यांच्या डोंगराळ संगीताची खूण म्हणून आज सगळं जग ज्या वाद्याकडे बोट दाखवतं, त्याचं मूळ हे.

म्हणजे बाहेरून काही येऊन शुद्ध परंपरा बाटली, असं इथे झालेलं नाही. हे संगीत जन्मालाच मिसळलेलं आलं. आपल्या नाट्यसंगीताची गोष्ट वेगळी आहे का? अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८०मध्ये 'शाकुंतल' उभं केलं तेव्हा साकी-दिंडी आपली होती आणि कितीतरी चाली कर्नाटकातून आलेल्या. पुढे बालगंधर्वांच्या मागे ऑर्गन आला, तो युरोपचा. तुमचे वसंतराव ज्या रंगभूमीवर गायले ती ही.

जुन्या माणसांना कसं चालतं, हा तुमचा खरा प्रश्न. सगळ्यांना चालत नाही. पण खुद्द मन्रोचीच एक गोष्ट सांगते. १९४६मध्ये त्याने 'ब्लू मून ऑफ केंटकी' हे गाणं रेकॉर्ड केलं, तीन मात्रांत डुलणारं. १९५४मध्ये एल्व्हिस प्रेस्ली नावाच्या पोरसवदा गायकाने त्याच्या पहिल्याच रेकॉर्डवर ते चार मात्रांत, चढ्या लयीत गायलं. मन्रो चिडला असता तर कुणी नावं ठेवली नसती. त्याने काय केलं? त्याच वर्षी तेच गाणं स्वतः पुन्हा रेकॉर्ड केलं. सुरुवात जुन्या तीन मात्रांत, आणि मध्येच चारात उडी. ही दोन्ही रेकॉर्डिंग नातवाला शोधायला सांगा आणि पाठोपाठ ऐका. लय पालटते त्या जागी फिडलकडे लक्ष ठेवा, फार मजा आहे.

आता रॅप. ब्रुकलिनच्या 'गँगस्टाग्रास' मंडळींचं ऐकवलं असेल कदाचित. २०१०मध्ये एका दूरचित्रवाणी मालिकेला त्यांनी दिलेल्या शीर्षकगीताला एमी या दूरचित्रवाणी पुरस्काराचं नामांकन होतं. मला ते सरसकट आवडत नाही. पण फिडलवाला आणि रॅपवाला समोरासमोर उभे राहून एकमेकांची वाक्यं तोडतात तेव्हा मी ऐकते. फिडलचा दोन आवर्तनांचा तुकडा कापून संगणकावर पुन्हा पुन्हा चिकटवलेला असतो, ते मी बंद करते. मिसळण गजात व्हायला हवी. मिक्सरवर झालेली कानाला लगेच कळते.

तुम्हाला मी 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' सुचवेन. तीन तरुण कृष्णवर्णीय वादक २००५मध्ये एका बँजो मेळाव्याच्या निमित्ताने जमले आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या मेबन गावी जो थॉम्पसन नावाच्या वयोवृद्ध फिडलवादकाकडे शिकायला जाऊ लागले. त्याच्या घरी बसायचं, त्याच्याबरोबर वाजवायचं, वही नाही, नोटेशन नाही. तुम्ही-आम्ही याला तालीम म्हणतो. तेच लोक पुढे रेडिओवर गाजलेलं आधुनिक गाणं फिडल, बँजो आणि तोंडाने धरलेल्या ठेक्यावर वाजवू लागले, आणि ज्या अल्बममध्ये ते आहे त्याला २०११मध्ये पारंपरिक लोकसंगीताचं ग्रॅमी मिळालं. त्यांच्यातली रियानन गिडन्स आज मोठी कलावंत आहे. २०२४मध्ये बियॉन्सेच्या गाण्यात बँजो वाजला तो तिचाच.

मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लहानपणापासून हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन शिकतोय, मांडी घालून, सा-प-सा-प लावून. आता फिडल वाजवायचंय, पुढे इलेक्ट्रॉनिकबरोबर काही करायचंय. वेगळं वाद्य घ्यावं लागेल का? सगळं पहिल्यापासून शिकावं लागेल का?
*– विद्यार्थी, ऐरोली*

वाद्य घेऊ नकोस. फिडल म्हणजे तुझ्या हातातलंच व्हायोलिन. तिकडे पोलादी तारा लावतात, चारही तारांना फाइन ट्यूनर, म्हणजे सूर बारीक जुळवायचे स्क्रू, बसवतात, आणि काही जण ब्रिजचा, म्हणजे तारा टेकतात त्या लाकडी घोडीचा, माथा जरा सपाट करून घेतात म्हणजे दोन तारा एकदम वाजवायला सोपं जातं. तू ब्रिजला कानस लावू नकोस. एकदा घासलेलं लाकूड परत येत नाही, आणि सपाट ब्रिजवर तुझं आलापातलं एका तारेवरचं काम बिघडेल.

तुझ्या सा-प-सा-पची तर मजाच आहे. पाश्चात्त्य व्हायोलिन लागतं जी-डी-ए-ई असं. आपल्या पेटीच्या भाषेत जाड तारेकडून पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन. बहुतेक फिडलवाले तसंच लावतात. पण डोंगरातले जुने वादक, आणि त्यांच्या मागे जाणारे आजचे तरुणही, बऱ्याच चालींसाठी जाड दोन तारा एकेक सूर वर चढवतात. मग होतं ए-ई-ए-ई. पांढरी सहाला सा धर आणि बघ : सा-प-सा-प. तू लहानपणापासून जे लावतोयस तेच, फक्त पट्टी त्यांची. इथे लोक हजारो रुपये भरून 'क्रॉस ट्यूनिंग'चे ऑनलाइन धडे घेतात, तुझ्या ते अंगात आहे. तारा नाजूक असतील तर जाड तारा चढवायच्या भानगडीत न पडता बारीक दोन एकेक सूर उतरव. जी-डी-जी-डी मिळेल, म्हणजे पांढरी पाचचा सा-प-सा-प. पावसाळ्यात खुंटी फुगून अडकते, तेव्हा जोर लावू नकोस. ऐरोलीच्या खाडीच्या हवेत माझ्या एका विद्यार्थिनीच्या व्हायोलिनची कडेची चीर उघडली होती. सरस पुन्हा लावून मिळतो, पण मोडलेली खुंटी ओढून काढणं हा ताप आहे.

या जुळणीत गुपित काय आहे? चाल एका तारेवर चालते आणि शेजारची तार मोकळी सोडून तिच्यावरही गज फिरत राहतो. तानपुरा वाद्याच्या आतच सुरू होतो. रात्रभर नाचणाऱ्या माणसांपुढे माइक नसताना एकट्या फिडलला आवाज पुरवायचा, त्यातून हे आलं. तू आजवर शेजारची तार चुकून लागली की ओरडा खाल्ला असशील. इथे ती मुद्दाम लागली पाहिजे.

आता खरी मेहनत. ती उजव्या हातात आहे. आपल्याकडे एका गजात पाच-सात सूर, मोठी मींड, श्वासाएवढा लांब गज. फिडलमध्ये गज हाच ठेका. पहिला धडा 'शफल'चा : एक लांब, दोन छोटे. धाऽ तिट, धाऽ तिट असं तोंडाने म्हण. लांब गज खाली, मग छोटा वर, छोटा खाली. पुढचा लांब गज आपोआप वर पडतो, मग छोटा खाली, छोटा वर. म्हणजे प्रत्येक फेरीला दिशा उलटते, आणि आपल्या हाताला तिथेच अडखळायला होतं. जोर 'धा'वर द्यायचा मोह होईल. देऊ नकोस, जोर 'तिट'वर. मनगट सैल, कोपर शांत, गजाचा मधला वीतभर भागच वापरायचा. मोकळ्या तारांवर हे करत राहा. केरव्याची लग्गी कानात असेल तर लवकर जमेल.

दुसरा धडा 'चॉप'चा, कारण तुला पुढे इलेक्ट्रॉनिकबरोबर वाजवायचंय. हा काही पूर्वापार डोंगरातला नाही. रिचर्ड ग्रीन हा फिडलवादक १९६०च्या दशकात मन्रोच्या बँडमध्ये होता, त्याने तो काढला. पुढे डॅरोल अँगर वगैरेंनी वाढवला. गज मुठीजवळ धरायचा, केस किंचित बाहेरच्या अंगाला कलते ठेवायचे आणि तारांवर वरून टाकायचा. ओढायचा नाही, टाकायचा. सूर येत नाही, 'खच्' असा कोरडा आवाज येतो. मग तारांना चिकटलेला गज उचलतानाही एक बारीक खरखर येते, तीही मोजायची. दोन आणि चार या मात्रांवर 'खच्' पडू लागला की तबला-ड्रम नसतानाही ताल उभा राहतो. आजच्या नव्या फिडलवाल्यांचं अर्धं आधुनिकपण या एका युक्तीवर चाललंय. मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवून मात्र चॉप पडत नाही, गजाला पडायला खाली जागाच नसते. त्यासाठी खुर्चीवर बस किंवा उभा राहा. बाकी बैठक सोडू नकोस. डावा हात मोकळा घसरायचं सुख तिकडच्यांना नाही.

चाल म्हणून 'ओल्ड जो क्लार्क' घे. सगळे फिडलवाले तिथून जातात. सारे सूर शुद्ध, फक्त निषाद कोमल. खमाज म्हणशील, पण खमाजात आरोहात शुद्ध नी येतो, इथे तो कधीच येत नाही. त्या एका गोष्टीने सगळा चेहरा पालटतो. दोन भाग, प्रत्येक दोनदा, अस्ताई-अंतऱ्यासारखे. गंधाराला कोमलच्या बाजूने घसरत ये, पण मींडेसारखा रेंगाळू नकोस, लागला की सूट. तुझा हिंदुस्थानी हात सगळ्यात जास्त इथेच उघडा पडेल. गोडवा आवरता येणं हे या वाजवण्यातलं निम्मं शिक्षण आहे.

इलेक्ट्रॉनिकचं नंतर बघू. शफल न थांबता पाच मिनिटं एका लयीत चालला की पुन्हा पत्र लिही.

मुलगा दहा वर्षांचा, पाश्चात्त्य व्हायोलिनच्या परीक्षा देतो. हल्ली मोबाइलवर बघून फिडलच्या चाली वाजवत बसतो. शिक्षक म्हणतात हात बिघडेल. बंद करू का?
*– एक आई, कोपरखैरणे*

करू नका. मूल न सांगता वाद्य हातात घेतंय, याहून काय हवं? अ‍ॅलिसन क्राउस पाचव्या वर्षी पाश्चात्त्य शास्त्रीय व्हायोलिन शिकायला बसली, मग फिडलच्या स्पर्धांमध्ये रमली, आणि आज तिच्या नावावर २७ ग्रॅमी आहेत. रॉक गायक रॉबर्ट प्लँटबरोबर केलेल्या अल्बमचे पुरस्कारही त्यात आले. दोन्ही हात एका शरीरात राहतात. शिक्षकांची काळजी मात्र हसण्यावारी नेऊ नका. फिडल बघून शिकणारी मुलं डाव्या मनगटावर व्हायोलिनची मान टेकवतात, ते खरंच वाईट. तेवढं बघा. परीक्षेच्या आठवड्यात परीक्षेचं, एरवी मोकळं रान.

आम्ही पाच जण वाशीत बँड चालवतो. व्हायोलिन, गिटार, कॅहोन (वर बसून वाजवायचा लाकडी खोका), ढोलकी, कीबोर्ड. कोळीगीतं ब्लूग्रास ढंगात करायचा प्रयत्न चाललाय. घरी बरं वाटतं, सोसायटीच्या गणपतीत वाजवलं की नुसता गोंगाट होतो. कुठे चुकतंय?
*– गिटारवादक, वाशी*

दोन ठिकाणी. एक तालात, एक गर्दीत.

बरीच कोळीगीतं सहाच्या झोक्यात चालतात, वल्ह्यासारखी. ब्लूग्रास बहुतेक दोनाच्या सरळ धावत्या चालीत असतं. तुम्ही सहाचं गाणं ठोकून दोनात बसवत असणार. शब्द आखडतात, कोरस श्वास कुठे घ्यायचा ते विसरतो, आणि ढोलकीवाला मनातल्या मनात सहाच वाजवत राहतो. मग गोंगाटच होणार. ब्लूग्रासच्या मागे जी आयरिश फिडलची परंपरा आहे, तिच्यात 'जिग' नावाच्या चाली आहेत, सहाच्याच. तुमच्या व्हायोलिनवाल्याने जिगचा गज शिकावा आणि गाणं आपल्या झोक्यात राहू द्यावं. ब्लूग्रासवाले जिग फारसे वाजवत नाहीत, तेव्हा त्याला ब्लूग्रास म्हणायचा हट्ट सोडा. नाव काय द्यायचं ते पोस्टर छापणाऱ्याला ठरवू दे.

दोनाच्या चालीचंच काही करायचं असेल तर सोपी जागा आहे. स्क्रग्जचा बँजो आठ मात्रा तीन-तीन-दोन अशा तोडतो. तुमच्या ढोलकीवाल्यासमोर हे तोंडाने म्हणा, तो समजावून सांगायची वाट बघणार नाही. गिटारवर तुम्ही तीच फोड बोटांनी छेडा. बँजो विकत घ्यायची गरज नाही.

आता गर्दी. मन्रोच्या बँडमध्ये पाच वाद्यं : मँडोलिन, फिडल, बँजो, गिटार आणि उभा बास. ड्रम नाहीत. बास एक आणि तीनवर, मँडोलिनचा 'चक्' दोन आणि चारवर, म्हणजे तालवाद्य या दोघांत वाटून घेतलेलं. प्रत्येकाला वाजवायला ठरलेली खिडकी. एक जण पुढे येऊन आवर्तन घेतो तेव्हा बाकीचे मागे सरतात, अक्षरशः सरतात, कारण पूर्वी रेडिओच्या एकाच माइकभोवती सगळे उभे असायचे आणि ज्याची पाळी तो जवळ जायचा. आजही काही बँड हौसेने तसंच करतात. तुमच्याकडे ढोलकी एकटीच दोन्ही कामं करते : एका पुडीचा घुमारा बाससारखा, दुसरीची टणक थाप चॉपसारखी. तिच्या जोडीला कॅहोन कशाला? मित्राला दुखवू नका, त्याला कोरसमध्ये उभा करा. कीबोर्डने सूर भरून धरायचं बंद करावं. आणि गाणारा गात असताना व्हायोलिनने त्याची चाल गिरवू नये, दोन ओळींच्या मधल्या फटीत बोलावं. ही सवय लागायला वेळ लागतो, कारण आपल्याला पेटीची सावलीसारखी साथ ऐकायची सवय आहे. ती ख्यालात शोभते, इथे चिखल करते.

पुढच्या गणपतीत एक गाणं तरी एकाच माइकवर करून बघा. साउंडवाला कुरकुरेल, तुम्ही बधू नका.

आपल्याकडच्या कुणी ब्लूग्रासवाल्यांबरोबर काम केलंय का? की हे सगळं तिकडचंच?
*– श्रोता, कळवा*

केलंय की, आणि पहिल्या फळीतल्यांनी. विश्वमोहन भट्ट यांनी १९९६मध्ये बेला फ्लेकच्या बँजोबरोबर अल्बम केला, त्यात अर्हू हे गजाने वाजवायचं चिनी वाद्य वाजवणारी वादकही होती. हा बेला फ्लेक १९८१मध्ये 'न्यू ग्रास रिव्हायव्हल'मध्ये आला. ब्लूग्रासमध्ये रॉक घुसवणारा तो बँड, सॅम बुश नावाच्या मँडोलिन-फिडलवाल्याने १९७१मध्ये उभा केलेला. पुढे फ्लेक, डबल बासवाला एडगर मायर आणि आपले झाकीर हुसेन असं त्रिकूट जमलं. २००९मध्ये त्यांचा एक अल्बम आला. २०२३च्या अल्बमात मुंबईचे बासरीवादक राकेश चौरसिया त्यांना सामील झाले, आणि २०२४मध्ये त्या कामाला दोन ग्रॅमी मिळाली. त्याच वर्षी डिसेंबरात झाकीरभाई गेले.

त्यात फिडल नाही, अशी तक्रार तुम्ही कराल. मायर गज घेऊन डबल बास वाजवतो तिथे कान लावा, भागेल. मला तो अल्बम का आवडतो, तर कुणी कुणाचा पाहुणा नाही. झाकीरभाई तबल्यावर बँजोची तीन-तीन-दोन फोड उचलतात आणि तिहाईत नेऊन ठेवतात, तेव्हा फ्लेक हसत असणार हे न बघताही कळतं.

मराठी व्हायोलिनबद्दल मात्र माझी वेगळीच हळहळ आहे. वाईचे व्ही. जी. जोग होते, डोंबिवलीत राहिलेले गजाननबुवा जोशी होते, ते गळ्याने ख्याल गायचे आणि व्हायोलिननेही. प्रभाकर जोगांचं 'गाणारं व्हायोलिन' घराघरांत वाजलं. या सगळ्यांनी व्हायोलिनला गायला शिकवलं आणि कमाल शिकवलं. पण नाचायला कुणी शिकवलं नाही. लावणीत, तमाशात तुणतुणं आहे, गज नाही. ती जागा रिकामी आहे. नव्या मुलांना फिडलचं आकर्षण वाटतं त्याचं एक कारण मला हेच दिसतं.

ताई, अमेरिकेच्या डोंगरांचं पुरे. आपल्या ठाणे जिल्ह्यात डोंगर नाहीत का? तिथलं लोकसंगीत दिसत नाही का?
*– वाचक, शहापूर*

दिसतं हो. तारपा, घांगळी, ढोलनाच, सगळं आहे. २०१४च्या ऑगस्टात पालघर वेगळा जिल्हा झाला आणि त्यातलं पुष्कळ कागदोपत्री तिकडे गेलं, पण तुमच्या शहापूर-मुरबाडात उरलंय ते थोडं नाही. माझी अडचण एवढीच की घांगळी हे भगताच्या हातातलं, देवाच्या कथेचं वाद्य आहे. त्याचे सूर उचलून गिटारखाली टाकण्याआधी जो थॉम्पसनच्या घरी ती मुलं बसली तसं कुणीतरी जाऊन बसायला हवं, वाजवणाऱ्याच्या परवानगीने आणि त्याचं नाव पुढे ठेवून. कुणी बसत असेल तर मला कळवा, पुढचं सबंध सदर त्यालाच देते.

चॉपचा सराव करते. खालच्या मजल्यावरचे काका दोनदा वर येऊन गेले, सेक्रेटरींनीही निरोप पाठवलाय. काय करू?
*– घोडबंदर रोड*

त्या काकांची बाजू घ्यावी लागतेय. चॉप लांबून ऐकला तर कुणी फर्निचर तासतंय असंच वाटतं. ब्रिजवर बसणारा, आवाज दाबणारा जाड रबरी म्यूट घ्या, सडपातळ नको, जाडच. स्वस्त असतो. जाड चटईवर उभ्या राहा, कारण खाली जातो तो निम्मा आवाज तुमच्या पायाचा असतो, ताल धरताना आपण टाच आपटतो हे आपल्याला कळत नाही. सराव संध्याकाळी सात ते आठ, ज्या वेळी घराघरांत टीव्ही मोठ्याने चालू असतो. आणि काकांना एकदा चहाला बोलावून शफल ऐकवा, चॉप नको. सेक्रेटरींना लेखी उत्तर देऊ नका, प्रकरण वाढतं.